आईचं हिमोग्लोबिन गोळ्या घेऊनही वाढत नाही. पोटातला एच. पायलोरी हा जंतू त्याला कारण असू शकतो का?

हो, असू शकतो. पण मी लिहायला बसले ते तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या ओळीमुळे: 'आई गोळ्या नीट घेत नसेल असं घरच्यांचं म्हणणं आहे.' हे मी दीड वर्ष ऐकलंय.

माझं सासर नागपूरला, महाल भागात. ५२व्या वर्षी माझं हिमोग्लोबिन ७.९ होतं. जिना चढताना मध्येच पायरीवर टेकावं लागायचं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, घरच्यांनी बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच, म्हणून तीही तपासणी झाली. काही निघालं नाही. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ८.१. गोळ्या बदलल्या, पुन्हा तेच. वर "बायकांचं कमी असतंच." माझी पाळी बंद होऊन तीन वर्षं झाली होती! मग रक्त कमी कशानं होतंय, हे एकानंही विचारलं नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. इतक्या जणींना आहे, म्हणून ते साधं होत नाही.

त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणात पुरणपोळी वाढता वाढता डोळ्यांपुढे अंधारी आली. भिंतीला धरून खालीच बसले. मोठ्या नणंदबाई भरल्या पंगतीत म्हणाल्या, "गोळ्या घेऊनच नाही राहिली ती, तर रक्त वाढन कसं?" मी तेव्हा गप्प राहिले. पण दुसऱ्या दिवसापासून रिकामी झालेली प्रत्येक स्ट्रिप बिस्किटांच्या डब्यात ठेवायला लागले.

पाच महिन्यांनी धाकट्या जावेनं धरूनच धंतोलीतल्या पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फेरिटिन करायला लावलं, ते ६ निघालं. म्हणजे शरीरातला लोहाचा साठाच संपलेला. मग एंडोस्कोपी केली. जठराला सूज होती, तिथला तुकडा तपासला तर एच. पायलोरी. या वयात दुसरं काही सुटायला नको म्हणून कोलोनोस्कोपीही, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी, केली, ती स्वच्छ निघाली.

त्यांनी समजावलं ते असं. लोह शोषलं जायला जठरातलं आम्ल आणि क जीवनसत्त्व लागतं. हा जंतू वर्षानुवर्षं जठराला सूज ठेवतो, त्यात ही दोन्ही कमी होऊ शकतात. सुजेमुळे हेप्सिडिन हे लोह अडवणारं संप्रेरक वाढलं तर आतड्यानं घेतलेलं लोहही रक्तात उतरत नाही. जंतू स्वतः लोह खातो. अल्सर असेल तर नकळत थोडं थोडं रक्त जातं, ते वेगळंच. मी ॲसिडिटीची कॅप्सूलही रोज घ्यायचे, तिनं आम्ल आणखी कमी केलं. गोळी पोटात जात होती, रक्तात पोचत नव्हती.

यावरही नणंदबाईंचं म्हणणं, "सावजी खाऊन पोट बिघडवलं." ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर बॅरी मार्शल यांनी १९८४ साली हा जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. त्यांना आणि रॉबिन वॉरेन यांना २००५ साली नोबेल मिळालं. तिखटानं जळजळ होईल, जंतू होत नाही.

१४ दिवस चार औषधं घेतली. तोंड सतत कडू, मळमळ, पण एक डोस चुकवला नाही. सहा आठवड्यांनी श्वासाची तपासणी केली, जंतू गेला होता. मग त्याच लोहाच्या गोळ्यांवर तीन महिन्यांत ११.८! त्याच कंपनीच्या, तेवढ्याच. पुढच्या महालक्ष्म्यांना डबा नणंदबाईंपुढे उघडला. पंधरा स्ट्रिपा त्यांनी स्वतः मोजल्या. बोलल्या काहीच नाहीत. तुम्हीही आईच्या स्ट्रिपा ठेवा, आणि ज्यांना शंका आहे त्यांना मोजायला बसवा.

तपासणी श्वासाची किंवा शीतल्या अँटिजनची, म्हणजे जंतूच्या अंशाची, करा. रक्तातल्या अँटिबॉडीची नको, जुना संसर्गही त्यात दिसतो. त्याआधी ॲसिडिटीची गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद हवं, नाहीतर जंतू असून निघत नाही. मात्र हे डॉक्टरांना विचारूनच. औषधही मनानं दुकानातून आणू नका, आपल्याकडे बरीच अँटिबायोटिक या जंतूवर चालेनाशी झालीत.

आणि हो, हा जंतू आपल्याकडे खूप जणांच्या पोटात असतो, सगळ्यांचं रक्त कमी होत नाही. आईचं कारण बी-१२ असेल, मूळव्याध असेल, आतड्यातली गाठही असू शकते. तेव्हा आधी फेरिटिन आणि बी-१२ करा, आणि पाळी बंद झाली असेल तर एंडोस्कोपी-कोलोनोस्कोपीचं विचाराच. लोहाच्या गोळ्यांनी शी काळी होतेच. पण डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची असेल तर थांबू नका, आजच आईला दवाखान्यात न्या.