जॅझचा आरजे व्हायचंय म्हणतो, काय करू?

प्रश्न: मुलगा टीवाय बीकॉमला आहे. रात्र रात्र हेडफोन लावून जॅझ ऐकतो, रेडिओवर फक्त जॅझचाच प्रोग्रॅम करणार म्हणतो, एमबीएची सीईटी नको म्हणतो. मला त्या संगीतातलं ओ की ठो कळत नाही. यात पोट भरेल का? – एक आई, नाशिक

ताई, आधी कडू गोळी. नुसतं जॅझ लावायला महिन्याचा पगार देणारं एफएम स्टेशन मला तरी आपल्याकडे माहीत नाही, प्रायव्हेट एफएमवर आरजे गाणी निवडतच नाही, प्लेलिस्ट वरून येते आणि त्यात हिंदी सिनेमाच जास्त. त्यामुळे मुलगा जाहिरात निघायची वाट बघत बसला तर बसूनच राहील.

पण त्याला विलिस कॉनोव्हर माहीत आहे का विचारा. हा माणूस 1955 पासून 1996 ला वारला तोपर्यंत व्हॉइस ऑफ अमेरिकावर, म्हणजे अमेरिकन सरकारच्या परदेशातल्या श्रोत्यांसाठीच्या रेडिओवर, जॅझ ऐकवत होता, शॉर्टवेव्हवर, पोलंड-रशियातली पोरं खरखरीतून कान देऊन ऐकायची, 1959 ला तो पोलंडला गेला तर विमानतळावर ही गर्दी! आणि खुद्द अमेरिकेत फारसं कोणी ओळखत नव्हतं, कारण ते स्टेशन देशात ऐकवायला कायद्यानेच बंदी होती. आता तुमच्या कामाचं ऐका, इतकी वर्षं करून तो तिथे पर्मनंट नव्हता, कॉन्ट्रॅक्टवरच, पण म्हणूनच कुठली रेकॉर्ड लावायची ते तोच ठरवायचा. मोकळीक हवी तर पेन्शन विसरा, असा तो हिशोब होता, आणि तो मुलाने डोळे उघडे ठेवून करावा.

म्हणून पोटासाठी हातात दुसरं काम हवं, माझं मत साउंड रेकॉर्डिंग आणि एडिटिंग, ते जाहिराती, ऑडिओबुक, पॉडकास्ट सगळीकडे लागतं. बोलायच्या सवयीसाठी कम्युनिटी रेडिओ (पुणे विद्यापीठाचं विद्यावाणी आहे तसं), आणि आकाशवाणीच्या कॅज्युअल निवेदकाची ऑडिशन, तिथे पैसे ड्युटीप्रमाणे मिळतात, त्यावर घर चालत नाही. स्वतःचं पॉडकास्ट काढलं तर अख्खं गाणं लावायला लायसन्स लागतं हे आधीच सांगून ठेवा, मुलं नंतर रडत येतात.

मराठीत करायला मालही भरपूर आहे हो. आपल्या सी. रामचंद्रांसोबत काम करणारा ट्रंपेटवाला चिक चॉकलेट हा मूळचा गोव्याचा आंतोनियो झेवियर वाझ, मुंबईत हॉटेलांत जॅझ वाजवायचा, तिथून सिनेमात आला. एक एपिसोड तर इथेच झाला.

सीईटीचा फॉर्म भरून ठेवू दे, भांडण नको. आणि महिनाभरात त्याने पाच मिनिटांचं एक रेकॉर्डिंग करावं, एकच ट्यून, आधी आणि नंतर साध्या मराठीत बोलणं. कॉनोव्हर मुद्दाम हळू आणि सोप्या इंग्लिशमध्ये बोलायचा, ऐकणाऱ्याला इंग्लिश धड येत नाही हे धरून. ते रेकॉर्डिंग मला नंतर पाठवा, आधी तुम्ही ऐका, ओ की ठो कळत नाही म्हणालात ना, म्हणूनच.