सामना रोजचाच, मग सराव कधी?

‘खेळाडूची मानसिकता रोजच्या कामात कशी आणायची’ या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रांत ‘जिद्द’ हा शब्द आहे. जिद्द लागतेच. पण विजेत्या खेळाडूंकडून घेण्यासारखी मोठी गोष्ट आहे ती त्यांच्या आठवड्याची आखणी, आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. म्हणून पुढच्या उत्तरांत तिच्यावरच जास्त भर दिला आहे.

प्रश्न : दहा वर्षं एकाच क्षेत्रात आहे. कष्टात कसूर नाही, तरी गेल्या चार-पाच वर्षांत माझी पातळी होती तिथेच आहे. काय चुकतंय?

तुम्ही रोज सामना खेळताय आणि सराव करतच नाही आहात. खेळाडूच्या वर्षात स्पर्धेचे दिवस मोजके असतात, बाकी सगळे सरावाचे. नोकरी-व्यवसायात हे गणित उलटं होतं. सामन्यात माणूस जे हमखास जमतं तेच करतो, कारण तिथे चूक परवडत नाही. सरावात मात्र जे जमत नाही तेच मुद्दाम पुन्हा पुन्हा करायचं असतं. दहा वर्षं नुसतं जमणारं काम केलं, तर ते काम सफाईदार होतं, पण नवं काही येत नाही.

मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनमधल्या व्हायोलिनवादकांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात वरच्या दर्जाचे विद्यार्थी एकट्याने करायच्या सरावाला जास्त वेळ देत होते. त्यातून पुढे ‘पारंगत व्हायला दहा हजार तास सराव लागतो’ हा आकडा सगळीकडे पसरला. तो विसरा. २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा खेळातल्या कामगिरीतला सुमारे १८ टक्केच फरक सरावाच्या प्रमाणाशी जुळला आणि व्यवसायांत तर १ टक्क्याहूनही कमी. व्यवसायात सराव म्हणजे नेमकं काय, हेच सहसा कुणी ठरवलेलं नसतं. त्यामुळे तास मोजण्याआधी सरावाची व्याख्या करा.

बारा आठवड्यांसाठी एकच कौशल्य घ्या. समजा, बैठकीत मुद्दा मांडणं. त्याचे तुकडे पाडा : पहिली ४५ सेकंदं, आकडे समजावणं, अनपेक्षित प्रश्नाला उत्तर, शेवटी नेमकी मागणी करणं. यातला सगळ्यांत कच्चा तुकडा निवडा. आठवड्यातून चार वेळा, प्रत्येकी ३० मिनिटं. तो तुकडा बोला, फोनवर ध्वनिमुद्रित करा, ऐका, एकच दुरुस्ती ठरवा आणि पुन्हा बोला. एका वेळच्या सरावात अशा पाच-सहा फेऱ्या होतात. दहा प्रयत्नांत नऊ-दहा जमू लागले की काम अवघड करा : वेळ कमी करा किंवा समोर टोकणारा माणूस बसवा. पाचाहून कमी जमत असतील तर तुकडा अजून लहान करा. सहा ते आठ हा पट्टा चांगला. हा अनुभवातून आलेला अंदाज आहे, त्याला नियम मानू नका.

इथे दोन ठिकाणी लोक घसरतात. एक म्हणजे एकाच वेळी आवाज, मजकूर आणि हातवारे तिन्ही सुधारायला जातात. मग फरक कशाने पडला हे कळतच नाही. दुसरी चूक अभिप्राय मागण्यातली. ‘कसं झालं?’ असं विचारलं की ‘छान’ असंच उत्तर येतं. त्याऐवजी ‘कुठल्या वाक्याला तुमचं लक्ष उडालं?’ असं विचारा. प्रशिक्षकही खेळाडूला ‘बरं खेळलास’ म्हणून थांबत नाही, कोपर कुठे होतं ते सांगतो.

प्रश्न : दर वर्षी ध्येय ठरवते आणि तिसऱ्या आठवड्यात सोडते. सातत्य कसं आणायचं?

बहुधा तुमचं ध्येय एकाच पातळीवर लिहिलेलं असतं. क्रीडा मानसशास्त्रात ध्येयाच्या तीन पातळ्या मानतात. धावपटूचं उदाहरण घ्या. पहिल्या तिघांत येणं हा निकाल झाला. तो इतर किती वेगाने धावतात यावरही ठरतो. १० किलोमीटर ५० मिनिटांत संपवणं ही कामगिरी. ती बरीचशी तुमच्या हातात आहे. मंगळवारी ४०० मीटरच्या सहा फेऱ्या ठरलेल्या वेगाने मारणं ही प्रक्रिया. ती जवळपास पूर्ण तुमच्या हातात. ‘बढती मिळवायची’ हा निकाल आहे आणि निर्णय दुसऱ्याचा आहे. वहीत तो एकदाच लिहा आणि पान उलटा. रोज डोळ्यांसमोर ठेवायची ती प्रक्रिया.

प्रक्रिया लिहिताना ‘जर-तर’ची वाक्यं वापरा. ‘रोज वाचेन’ असं न लिहिता ‘जेवण झाल्यावर ताट उचललं, की त्याच टेबलावर २० मिनिटं वाचेन’ असं लिहा. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनातून हे पुढे आलं : कृती आधीच ठरलेल्या खुणेला बांधली की ती घडण्याची शक्यता वाढते, कारण ऐन वेळी निर्णय घ्यावा लागत नाही.

सोबत एक सराव-वही ठेवा. त्यात चारच नोंदी : काय केलं, किती वेळ, किती जड गेलं (१ ते १०) आणि उद्या काय बदलायचं. याहून जास्त रकाने केलेत तर वही आठवड्याभरात बंद पडेल.

दिवस चुकला तर भरपाई करू नका. ३० मिनिटं बुडाली म्हणून दुसऱ्या दिवशी ६० करायला गेलं की तो दिवसही बुडतो, आणि तिसऱ्या आठवड्यातली पडझड बहुतेकदा इथूनच सुरू होते. सलग दोन दिवस चुकले, तर तिसऱ्या दिवशी निम्माच सराव करा, पण ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या जागी.

प्रश्न : तयारी पूर्ण असते, पण मुलाखतीत किंवा सादरीकरणात ऐन वेळी डोकं कोरं होतं. मन शांत कसं ठेवू?

आधी ‘शांत’ हा शब्द बाजूला ठेवा. धडधडणारं हृदय दोन मिनिटांत शांत होत नाही, आणि ते होत नाही म्हणून आणखी घाबरायला होतं. संशोधक ॲलिसन वुड ब्रूक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत, गाणं, भाषण किंवा गणित यांच्या आधी ‘मला उत्साह आलाय’ असं स्वतःला म्हणणाऱ्यांची कामगिरी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांहून सरस ठरली. भीतीत आणि उत्साहात शरीराची अवस्था जवळजवळ सारखीच असते, त्यामुळे नाव बदलणं सोपं जातं.

डोकं कोरं होण्याचं एक मोठं कारण म्हणजे अंगवळणी पडलेल्या कृतीवर अचानक पहारा बसवणं. मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक यांच्या प्रयोगांत मुरलेल्या गोल्फपटूंना आपल्या फटक्याच्या पायऱ्यांकडे लक्ष द्यायला सांगितलं, तर त्यांचा खेळ बिघडला. नवशिक्यांना मात्र त्याच सूचनेचा फायदा झाला. म्हणून शिकताना बारकाव्यांकडे लक्ष द्या आणि प्रत्यक्ष दिवशी एकाच शब्दाला धरून राहा. ‘सावकाश’ किंवा ‘समोर’ असा एखादा शब्द पुरेसा आहे.

विजेते नेमबाज प्रत्येक नेमाआधी त्याच हालचाली त्याच क्रमाने करतात. तसा ९० सेकंदांचा क्रम तुम्हीही बसवा. दोन्ही पाय जमिनीवर टेकवा. चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. असे पाच श्वास. पहिलं वाक्य मनात एकदा म्हणा. मग तो ठरलेला शब्द. एवढंच. मात्र हा क्रम मुलाखतीच्या दिवशी पहिल्यांदा करून उपयोग नाही. आधीच्या तीन आठवड्यांत प्रत्येक सरावापूर्वी केलात, तरच तो तुम्हाला धरून ठेवेल.

बीजिंगच्या २००८ च्या ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत शेवटच्या नेमाआधी अभिनव बिंद्रा आणि फिनलंडचा हेन्री हाकिनेन यांचे गुण समान होते. बिंद्राने १०.८ गुण मिळवले, हाकिनेनला ९.७ मिळाले आणि तो कांस्यपदकावर आला. चार वर्षांपूर्वी अथेन्सला हाच बिंद्रा अंतिम फेरीत सातवा आला होता. शेवटच्या नेमाला माणूस नव्याने धीट होत नाही. हजारो वेळा केलेलंच तिथे पुन्हा करतो.

आता तयारीतला वगळला जाणारा भाग : बिघाडाचा सराव. त्याच बीजिंगमध्ये २०० मीटर बटरफ्लाय शर्यतीत जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या पोहण्याच्या चष्म्यात पाणी शिरलं आणि शेवटी त्याला जवळजवळ काही दिसेना. एका लांबीला किती हात मारावे लागतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो हात मोजत पोहला आणि १ मिनिट ५२.०३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह जिंकला. तुमच्या सादरीकरणात बिघडू शकणाऱ्या पाच गोष्टी लिहा : पडदा बंद पडणं, वेळ निम्मी होणं, पहिल्याच मिनिटाला कुणी विरोध करणं, आकडा विसरणं, महत्त्वाचा माणूस उशिरा येणं. प्रत्येकीसमोर एका ओळीचं ‘जर-तर’ लिहा आणि निदान दोन बिघाड तालमीत खरोखर घडवून आणा. पाच मिनिटांचं भाषण पडद्याशिवाय देऊन पाहा. भीती कुठे दडली आहे ते तिथे लगेच कळतं.

प्रश्न : यशस्वी माणसं पहाटे ४ ला उठतात म्हणे. मीही सुरू करू का?

रात्री ९ ला झोपणार असाल तर जरूर. झोप कापून उठणार असाल तर नको. स्टॅनफर्डच्या बास्केटबॉलपटूंवरचा २०११ चा अभ्यास पाहा. रोज १० तास अंथरुणात राहण्याचं लक्ष्य ठेवून काही आठवडे झोप वाढवल्यावर त्यांचा धावण्याचा वेग वाढला आणि फ्री थ्रोची अचूकता ९ टक्क्यांनी सुधारली. गट लहान होता, पण दिशा स्पष्ट आहे. उठण्याची वेळ बदलायच्या आधी झोपण्याची वेळ बदला.

प्रश्न : ‘कधीच थांबायचं नाही’ या वृत्तीने दोन वर्षं काम केलं. आता रविवारीही थकवा जात नाही, चुका वाढल्या आहेत. हा माझा कमकुवतपणा आहे का?

नाही. हे चुकीच्या आखणीचं फळ आहे, आणि तुम्ही ते वेळेवर ओळखलंत याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. ताण पडतो, मग विश्रांतीत शरीर आणि मेंदू त्या ताणाशी जुळवून घेतात. विश्रांती काढून टाकली की उरतो तो फक्त ताण. म्हणूनच प्रशिक्षक तीन आठवडे भार चढवतात आणि चौथा हलका ठेवतात. मोठ्या स्पर्धेआधी सुमारे दोन आठवडे सरावाचं प्रमाण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करतात. तीव्रता मात्र टिकवून ठेवतात. यातला दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. हलका आठवडा म्हणजे आठवडाभर रेंगाळत काम करणं नव्हे. कामं निम्मी घ्या, पण जी घ्याल ती पूर्ण लक्ष देऊन करा आणि वेळेवर उठून जा.

थांबणं म्हणजे कमकुवतपणा नव्हे, याचं एक उदाहरण. टोक्योच्या ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सला हवेत असताना शरीराच्या दिशेचं भान राहीना. ती सांघिक अंतिम फेरीतून मध्येच बाहेर पडली, आणि काही दिवसांनी बॅलन्स बीमवर (अरुंद तुळईवरच्या कसरतीत) कांस्यपदक घेऊन गेली. २०२४ मध्ये पॅरिसला तिने पुन्हा सुवर्ण जिंकलं.

या आठवड्यापासून एका वहीत रोज सकाळी दोन आकडे लिहा : झोपेचे तास आणि ताजेपणा (१ ते १०). ताजेपणा सलग पाच दिवस ४ च्या खाली राहिला, तर पुढचा आठवडा हलका ठेवा आणि तसं वरिष्ठांना आधीच सांगा. दोन हलक्या आठवड्यांनंतरही आकडा वर आला नाही, किंवा झोप लागत नसेल, भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर वही मिटून डॉक्टरांना भेटा. त्या वेळी ही वही सोबत न्या. ‘बरेच दिवस थकवा आहे’ यापेक्षा सहा आठवड्यांचे आकडे त्यांना खूप जास्त सांगतील.