ओपनटीटीडी बिल्ड झाला, पण सेव्हगेम उघडत नाही

तुम्ही लिहिलंय की उबंटूवर ओपनटीटीडी हा वाहतूक कंपनी चालवायचा गेम सोर्समधून (मूळ कोडमधून) कंपाइल केला, मेक (प्रत्यक्ष बिल्ड करणारं टूल) १००% पर्यंत गेलं, गेमही सुरू होतो, पण जुन्या लॅपटॉपवरून आणलेला सेव्हगेम काही केल्या उघडत नाही. दोन्हीकडे आवृत्ती तीच असेल, तर माझा संशय एकाच गोष्टीवर आहे: सीमेकला (मेकच्या आधी बिल्डची तयारी करणारं टूल) लिबएलझेडएमए (फाइली आवळणारी-उलगडणारी लायब्ररी) सापडलेली नाही.

या गेमची ही जुनी खोड. त्याला लागणाऱ्या बऱ्याच लायब्ररी (तयार कोडचे संच) ऐच्छिक आहेत. एखादी नसली तर बिल्ड अडत नाही, तेवढी सोय गुपचूप गळते. गेमच्या १.१.० आवृत्तीपासूनचे सेव्हगेम एलझेडएमए पद्धतीने आवळलेले असतात, त्यामुळे ती नसेल तर ते उघडणार कसे? झेडलिब ही दुसरी लायब्ररी नसेल तर त्याआधीचे बहुतेक सेव्हगेम गेले, शिवाय गेममधून नवीन गाड्या डाउनलोड करणंही गेलं. लिबपीएनजी नसेल तर पीएनजी स्क्रीनशॉटवर पाणी सोडा.

आता तुम्ही म्हणाल, लायब्ररी तर मशीनवर आहे. आहेच. पण डेबियन-उबंटूत एकाच लायब्ररीची दोन पॅकेजं असतात. एक प्रोग्रॅम चालवायला, ते बहुधा आधीपासून असतं. दुसरं कंपाइल करायला. हेडर फाइली (लायब्ररी कशी वापरायची हे कंपायलरला सांगणाऱ्या) त्यात असतात आणि त्याच्या नावामागे ‘डेव्ह’ लागतं. तुम्हाला हवंय ते हे दुसरं, लिबएलझेडएमए-डेव्ह. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर त्याचंच नाव एक्सझेड-डेव्हेल. आर्च लिनक्सवाल्यांना ही भानगडच नाही, हेडर सोबतच येतात.

लिबएलझेडएमए-डेव्ह एपीटीने (उबंटूचं पॅकेज टाकायचं टूल) टाका, बिल्ड फोल्डर सरळ उडवा (सोर्सला धक्का लागत नाही) आणि सीमेक पुन्हा चालवा. या वेळी त्याचं आउटपुट वर सरकवून वाचा. ‘नॉट फाउंड’ कुठे कुठे आलंय ते तिथेच कळतं. मेकपर्यंत थांबायची गरज नाही.

सीमेकच्या त्याच कमांडला बिल्ड टाइप म्हणून ‘रेल-विथ-डेब-इन्फो’ (RelWithDebInfo) द्या. काहीच सांगितलं नाही तर डीबग (चुका शोधण्यासाठीचा) बिल्ड होतो आणि मोठ्या नकाशावर शे-दोनशे गाड्या धावायला लागल्या की गेम रडतखडत चालतो. रॅम ४ जीबी असेल तर मेकला एका वेळी दोनच जॉब द्या, नाहीतर मशीन स्वॅपमध्ये (रॅमऐवजी डिस्क वापरण्यात) जाऊन गोठेल.

‘मेक इन्स्टॉल’ ही कमांड चालवू नका, गेम बिल्ड फोल्डरमधूनच चालवा. मात्र एपीटीवाला गेम आणि हा, दोघेही होम फोल्डरमधला तोच सेव्ह फोल्डर वापरतात. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेला गेम जुनीत उघडत नाही, तेव्हा आधी त्या फोल्डरची एक प्रत बाजूला काढून ठेवा.