ब्लॅकलिस्टेड: यादीत की वाळीत?

प्रश्न असा: 'ट्रम्बो' (२०१५) ह्या चरित्रपटावर लिहायचंय, तर डाल्टन ट्रम्बो ह्या 'ब्लॅकलिस्टेड' पटकथाकाराला काळ्या यादीतला म्हणावं, बहिष्कृत म्हणावं की वाळीत टाकलेला?

'काळी यादी' हे सरळसरळ भाषांतर, पण आता पुरतं रुळलेलं. फक्त ते ऐकलं की मला रस्त्याचं काम निकृष्ट केलेला ठेकेदार आठवतो. सरकारी आदेश, जावक क्रमांक, ठरावीक मुदत! हॉलिवूडमध्ये तसं नव्हतं. ऑक्टोबर १९४७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीने सिनेमावाल्यांना बोलावून विचारलं, तुम्ही कम्युनिस्ट आहात का? ट्रम्बोसह दहा जणांनी सरळ उत्तर दिलं नाही. पुढच्याच महिन्यात स्टुडिओवाले न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरियात जमले आणि ठरलं, कम्युनिस्टाला 'जाणूनबुजून' काम देणार नाही. उत्तर न दिल्यापायी १९५० मध्ये ट्रम्बो तुरुंगात गेला, शिक्षा भोगून आला, तरी उघडपणे काम मिळेना. ही यादी कमी, गावकी जास्त.

म्हणून माझं मत 'वाळीत टाकणे'ला. 'वाळणे' म्हणजे समाजाबाहेर काढणे. तुकोबांच्या अभंगात 'वाळो जन मज म्हणोत शिंदळी' आहे, तिथला 'वाळो' हाच. (उन्हात वाळण्याशी इथे संबंध लावू नका.) वाळीत टाकलेल्याच्या घरी कुणी जात नाही, कारण जो जाईल त्याच्यावरही पंचांची नजर. हॉलिवूडमधली भीती नेमकी हीच होती. 'बहिष्कृत' मात्र मी टाळेन. बाबासाहेबांच्या १९२७ च्या 'बहिष्कृत भारत'नंतर त्या शब्दामागे जातीचा जो इतिहास उभा राहतो, तो एका पटकथाकाराच्या अंगावर घालणं बरं नव्हे.

पण वाळीत टाकलेल्याशी व्यवहारही बंद असतो, आणि इथे तर ट्रम्बोचं लिखाण मागच्या दाराने विकत घेतलं जात होतं! बंदी होती ती नावावर. 'रोमन हॉलिडे'च्या कथेचं १९५३ चं ऑस्कर इयन मॅक्लेलन हंटर ह्या लेखकमित्राच्या नावावर गेलं. १९५७ च्या समारंभात ट्रम्बोच्याच 'द ब्रेव्ह वन'साठी रॉबर्ट रिच हे नाव पुकारलं, तर मंचावर दुसराच कुणी बक्षीस घ्यायला गेला. ह्याला 'टोपणनावाने लेखन' म्हणू नका. कुसुमाग्रजांनी टोपणनाव हौसेने घेतलं होतं. ट्रम्बोच्या प्रकाराला आपल्याकडे चोख शब्द आहे, तो सातबाऱ्यावरच्या भानगडींमुळे सगळ्यांना ठाऊक आहे: बेनामी. 'बेनामी पटकथा' लिहा, वाचकाला फोड करून सांगावी लागणार नाही.

आणखी एक. १९६० मध्ये 'स्पार्टाकस' आणि 'एक्झोडस'वर त्याचं नाव झळकलं, तिथे 'काळ्या यादीतून नाव वगळलं' असं लिहायचा मोह होईल. वगळलं कुणीच नाही. त्याला पंक्तीला घेतलं, एवढंच. त्याच दहांतला दिग्दर्शक एडवर्ड दिमित्रिक १९५१ मध्येच पंक्तीत परतला होता, पण समितीपुढे जाऊन सहकाऱ्यांची नावं सांगून. त्याच्यासाठी 'प्रायश्चित्त घेऊन' हे शब्द राखून ठेवा. ट्रम्बोला ते लावता येणार नाहीत.