कल्पित जगांतील रोल-प्लेइंग खेळांमध्ये रात्र आणि चंद्रकला कशा चालतात? दोन चंद्र असलेले जग रचायचे असल्यास काय ठरवावे?

बहुतेक खेळांत चंद्र म्हणजे आकाशात खरोखर फिरणारा गोल नसतो, तर दिवस मोजणारा एक आकडा असतो. तो खेळाच्या गरजेप्रमाणे निवडतात आणि खगोलशास्त्र त्याला नंतर, जमेल तेवढे, जुळवून घेतात. माझ्या मते हा क्रम योग्यच आहे, कारण ज्या पौर्णिमेची खेळाडूंना वाट पाहावी लागत नाही किंवा भीती वाटत नाही, ती कितीही अचूक असली तरी केवळ सजावट ठरते.

संगणकावरील खेळांत आधी काळाचा वेग ठरतो. ‘स्कायरिम’मध्ये टाइमस्केल मुळात २० असते, म्हणजे आपल्या एका मिनिटात खेळातली २० मिनिटे सरतात आणि दिवस ७२ मिनिटांत संपतो. या वेगाला आपल्या चंद्राचा साडेएकोणतीस दिवसांचा महिना लावला, तर एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सुमारे ३५ तास खेळावे लागेल. साहजिकच त्या खेळात दोन चंद्र डोक्यावर असूनही वेअरवुल्फचे, म्हणजे लांडगा होणाऱ्या माणसाचे, रूप घेण्यासाठी पौर्णिमेची अट नाही. ‘माइनक्राफ्ट’मध्ये दिवस २० मिनिटांचा आणि कला आठच, रोज एक, त्यामुळे चक्र २ तास ४० मिनिटांत पूर्ण होते आणि कलेला काही परिणाम देणे परवडते. दलदलीत स्लाइम नावाचे चिकट राक्षस पौर्णिमेला सर्वाधिक उपजतात, अमावास्येला उपजत नाहीत. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मधला लाल चंद्र तर कलेशी बांधलेलाच नाही: खेळातले सुमारे सात दिवस साठले की मध्यरात्री तो उगवतो आणि मारलेले शत्रू परत येतात. जग पुन्हा भरण्याच्या तांत्रिक गरजेला तिथे कथेचा पोशाख चढवला आहे, आणि तो चांगला शोभतो.

टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळात दिवस गेम मास्टरच्या, म्हणजे कथा चालवणाऱ्याच्या, बोलण्याने सरतात, म्हणून आपल्या मोहिमेच्या एका बैठकीत साधारणपणे किती दिवस जातात हे प्रथम पाहावे. लांबच्या प्रवासाची मोहीम असेल तर एका बैठकीत महिनाही उलटतो. भुयारात उतरलेली मंडळी मात्र तीन बैठकांनंतरही त्याच संध्याकाळी अडकलेली असतात, आणि अशा मोहिमेत २८ दिवसांच्या चंद्राची पौर्णिमा कधी उजाडतच नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावरच्या खेळासाठी रचलेल्या ड्रॅगनलान्सच्या क्रिन या जगात यावर उत्तम तोड आहे. तिथल्या पांढऱ्या सोलिनारीचे चक्र ३६ दिवसांचे, तांबड्या लुनिटारीचे २८ दिवसांचे आणि काळ्या नुइटारीचे अवघ्या ८ दिवसांचे आहे. मांत्रिकांचे बळ आपापल्या चंद्राबरोबर वाढते-घटते, त्यामुळे मोहीम कितीही संथ असली तरी कोणता ना कोणता चंद्र खेळात उतरतोच. तिन्ही चक्रांचा लसावि ५०४ येतो, म्हणजे एकदा तिघे एकत्र पूर्ण झाले की तसा योग पुन्हा ५०४ दिवसांनी.

त्याच खेळासाठी रचलेल्या ग्रेहॉकच्या ओर्थ या जगात दोन चंद्र आहेत: लुना २८ दिवसांचा, सेलीन ९१ दिवसांचा आणि वर्ष ३६४ दिवसांचे. २८ गुणिले १३ आणि ९१ गुणिले ४ दोन्ही ३६४ च येतात, म्हणून दुहेरी पौर्णिमा वर्षातून एकदाच आणि दरवर्षी त्याच तारखेला पडते. सणासाठी हे सोयीचे असले, तरी रहस्यासाठी मला ते फार सुबक वाटते. आपल्याला मी ७ आणि ३० दिवसांचे चंद्र आणि ३६० दिवसांचे वर्ष सुचवेन. दुहेरी पौर्णिमा दर २१० दिवसांनी येईल, तिची तारीख लागोपाठच्या वेळी बदलत राहील आणि गावातल्या ज्योतिषाला कथेत खरेखुरे काम मिळेल.

चंद्र कधी उगवतो याकडे मात्र जवळजवळ सगळेच दुर्लक्ष करतात. अमावास्येपासून गेलेल्या दिवसांना चक्राच्या लांबीने भागून २४ ने गुणावे. सूर्योदयानंतर साधारण तितक्या तासांनी चंद्र उगवतो. २८ दिवसांच्या चंद्रासाठी सातव्या दिवशी उत्तर ६ येते, म्हणजे अर्धचंद्र दुपारी उगवून मध्यरात्री मावळतो. चौदाव्या दिवशी पूर्णचंद्र सूर्यास्ताला उगवतो आणि एकविसाव्या दिवशी मध्यरात्री. मध्यरात्री डोक्यावर टांगलेली चंद्रकोर, जी खेळांच्या चित्रांत सर्रास दिसते, या हिशेबात बसूच शकत नाही. शिवाय पहाऱ्याची पाळी लावताना हे उपयोगी पडते: शुक्ल अष्टमीला पहिला पहारा चांदण्यात आणि नंतरचे अंधारात, कृष्ण अष्टमीला नेमके उलट. चोरट्या टोळीचा म्होरक्या हा हिशेब नक्कीच करेल.

उजेडाबाबत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचा नियम कठोर वाटतो: चांदणे असलेली बहुतेक रात्रही अंधारच धरायची, केवळ विशेष तेजस्वी पौर्णिमेला मंद प्रकाश. पण तो वास्तवाला धरून आहे, कारण अर्धचंद्राचा उजेड पूर्णचंद्राच्या निम्मा नसून जेमतेम दहावा हिस्सा असतो. मी पौर्णिमा आणि तिच्या आगेमागे दोन-दोन रात्री मंद प्रकाश देतो, इतर रात्री अंधार. सात दिवसांच्या चंद्राला मात्र एकच रात्र द्यावी, कारण तो रोज सुमारे साडेतीन तास उशिरा उगवतो आणि दुसऱ्या दिवशीच चांगला झिजलेला दिसतो.

जगात समुद्र असेल तर चंद्राचा दिसणारा आकार जपून निवडावा. घनता सारखी धरली, तर दुप्पट रुंद दिसणारा चंद्र आठपट जोराची भरती आणतो. असा चंद्र आकाशात ठेवून किनाऱ्यावर सपाट, शांत बंदर वसवले, तर कोणीतरी चौकस खेळाडू त्याविषयी विचारल्याशिवाय राहणार नाही.