वाचकांचे प्रश्न : दोन पुसट ठिपके

प्रश्न : माझ्या सहा इंची दुर्बिणीतून श्यामशबल तारकासमूहातील एम-५१ ही दीर्घिका (अब्जावधी ताऱ्यांचा समूह) पाहिली असता दोन पुसट ठिपकेच दिसले. छायाचित्रांतील सर्पिल भुजा का दिसत नाहीत?

उत्तर : आपण पाहिलेत ते बरोबरच आहे. मोठा ठिपका म्हणजे एम-५१ आणि लहान ठिपका म्हणजे तिची सोबतीण दीर्घिका एनजीसी ५१९५. या दोघींच्या गुरुत्वाकर्षणाच्या ओढाताणीमुळेच त्या भुजा इतक्या ठळक झाल्या असाव्यात, असे मानले जाते. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मेसिएला १७७३ मध्ये ही दीर्घिका सापडली, परंतु तिचे सर्पिल रूप खगोलनिरीक्षक लॉर्ड रॉस यांना १८४५ मध्ये, आयर्लंडमधील ७२ इंची दुर्बिणीतूनच उमगले. तेव्हा सहा इंचांकडून फार अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. छायाचित्रात तासन्‌तासांचा प्रकाश साठतो, डोळ्यात तो साठत नाही.

तरीही मे महिन्यातील अमावास्येच्या सुमारास, शहरापासून दूर, रात्री दहाच्या आसपास सप्तर्षींच्या शेपटीच्या टोकाशी असलेल्या मरीचीपासून सुमारे साडेतीन अंशांवर दुर्बीण रोखावी, अर्धा तास डोळे अंधाराला सरावू द्यावेत आणि ठिपक्याकडे थेट न पाहता नजर किंचित बाजूला ठेवावी. दोन्ही केंद्रके उजळ दिसतील. भुजांचा आभास मात्र आठ-दहा इंची दुर्बिणीतून, तोही काळ्याकुट्ट आकाशातच होतो.