पिकअप वळवताना ‘ठक्क’: पार्ट बदलण्याआधी आवाज कुठला ते बघा

दादा, तुम्ही लिहिलंय त्यातल्या दोन गोष्टी कामाच्या आहेत. आवाज माल भरलेला असतानाच येतो, आणि डावीकडे वळताना एकदाच ‘ठक्क’ होऊन गाडी सरळ केली की पुन्हा एकदा होतो. बाकी टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचे सांधे) बदलले, शॉकअप बदलले, साडेसात हजार गेले आणि आवाज आहे तिथेच, हे वाचून वाईट वाटलं. दोन वर्षांपूर्वी मीही नेमकं हेच करून बसलो होतो.

एकदाच ठक्क याचा अर्थ काहीतरी सरकतंय आणि परत जागेवर येतंय. चाकाबरोबर फिरणारी वस्तू बिघडली असेल तर आवाजही चाकाच्या तालात येतो, ठक-ठक-ठक, आणि वेग वाढला की जलद होतो. व्हील बेअरिंग, सैल झालेले चाकाचे नट त्या जातीचे. तुमचं ते दिसत नाही, तरी नटांवर एकदा पाना फिरवाच, दोन मिनिटांचं काम आहे आणि चाक निघालं तर गंमत नाही. डावीकडे वळताना वजन उजवीकडे झुकतं, म्हणून आधी उजवी बाजू तपासा.

माझी गाडी तुमच्यासारखीच, पुढेही पाटेच, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या गठ्ठ्याची स्प्रिंग. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून प्लायवूड भरून घोडबंदर रोडने जायचो. गायमुखच्या वळणांवर ठक्क, माजिवड्याला यू-टर्न घेतला की ठक्क. शिवाय गाडी किंचित एका बाजूला ओढायची, म्हणून दोनदा चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं. शेवटी कळंबोलीला एका म्हाताऱ्या पाटेवाल्याकडे गेलो. गाडीखाली शिरण्याआधी त्याने सुतळी मागितली. स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत डावीकडे माप घेतलं, मग उजवीकडे. उजवी बाजू जवळपास पाऊण इंच कमी! पुढचा एक्सल उजवीकडे मागे सरकला होता.

कारण असं. पाट्यांचा गठ्ठा एक्सलवर दाबून धरतात ते यू-बोल्ट. गठ्ठ्याच्या मधोमध जो सेंटर बोल्ट असतो, त्याचं डोकं एक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं, पण ते फक्त जागा धरायला. गाडीचा जोर पेलायला तो नाही. यू-बोल्ट सैल झाले की सगळा जोर त्या बिचाऱ्यावर येतो आणि एक दिवस तो तुटतो. मग प्रत्येक वळणावर, प्रत्येक ब्रेकला एक्सल पाट्याखाली सरकतो. आठ महिने आधी मी जास्तीचा एक पाटा टाकून घेतला होता. नवे पाटे बसले, मधला रंग-गंज दबला की यू-बोल्ट ढिले पडतात, म्हणून काहीशे किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळावे लागतात. मला कोणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

तुम्हीही पाटा वाढवलाय का, ते लिहिलेलं नाही. वाढवला असेल तर माझा संशय आणखी पक्का.

आता तपासणी. गाडी सपाट जागी, हँडब्रेक, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. जॅक लावू नका, वजन चाकांवरच हवं. इंजिन चालू करून घरातल्या कोणाला तरी स्टिअरिंग डावी-उजवी थोडं थोडं हलवायला सांगा. तुम्ही बाजूने वाकून एकेका सांध्यावर तळवा ठेवा, बोट फटीत घालू नका. आवाज सगळ्या चेसिसभर पळतो आणि कान फसतो. हाताला बसणारा धक्का मात्र जिथला तिथेच लागतो. असं ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा), स्टिअरिंग बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट, यू-बोल्टची प्लेट, सगळीकडे करा. यू-बोल्टजवळ लोखंडावर ताजी चकाकी किंवा तांबडी पूड दिसली तर तिथे घासाघीस चालू आहे.

शॅकल म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी. तिच्या रबरी बुशांना टॉमी (लोखंडी सळी) घालून उचकटून बघा. रबर फाटलं असेल तर पाट्याचा डोळा, म्हणजे टोकाची गोल गुंडाळी, पिनवर आपटतो, आणि तो आवाज हुबेहूब तुमच्यासारखाच असतो.

किंग पिनसाठी (पुढचं चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं ती पिन) मात्र एक्सल उचलावा लागेल, आणि जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही, स्टँड लावायचा. चाक वरून आणि खालून धरून हलवा. खेळ लागला तर मदतनीसाला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. ब्रेकने खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर किंग पिन. किंग पिनचे बुश नुसते ठोकून बसवत नाहीत, रीमर मारून मापात आणावे लागतात. ते ज्याच्याकडे साधन आहे त्यालाच द्या. ज्यांच्या पुढे किंग पिनऐवजी बॉल जॉइंट आहेत, त्यांनी लिंक रॉड आणि खालचा बॉल जॉइंट आधी बघावा.

यू-बोल्टच निघाले तर जुने परत वापरू नका, ताणलेले असतात. नवे यू-बोल्ट, नवा सेंटर बोल्ट, आणि आळीपाळीने तिरके आवळायचे, टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना), मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत. गॅरेजमध्ये पाइप लावून लटकतात, ते नको. रबरी बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. हवेत आवळले तर खाली उतरवताच रबर पिळतं आणि लवकर फाटतं. मग अलाइनमेंट. माझं आधीचं दोनदाचं अलाइनमेंट वाकड्या एक्सलवर केलेलं होतं, म्हणजे पैसे पाण्यात.

एक राहिलं. हे सगळं करण्याआधी सीटखालचा जॅक, टॉमी आणि स्टेपनीची साखळी सैल नाही ना ते बघा. आमच्या ओळखीतल्या एकाला दोन गॅरेज फिरल्यावर सापडली ती सैल स्टेपनी. मालाच्या बॉडीचे चेसिसवरचे क्लॅम्पही हलवून बघा. फोर-बाय-फोर वाल्यांनो, कोरड्या डांबरावर चारही चाकांना जोर देणारा लिव्हर गुंतलेला ठेवून वळाल तर गाडी अडखळून खडखडणारच, तो बिघाड नाही.

तुमच्याकडे सुतळी आहेच. उद्या गाडी भरण्याआधी दोन्ही बाजूंची मापं घ्या आणि इथे टाका. फरक निघाला तर त्या दिवशी मुंब्रा बायपासने तुर्भ्याला माल नेऊ नका, रिकामी गाडी हळू चालवत थेट पाटेवाल्याकडे न्या.